गुबगुबीत पेशींची साक्ष

मुलगा शुक्रवारी दुपारी गेला. सोमवारी बापाने सुनेविरुद्ध तक्रार केली. तिने बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली आणि धुराने पोराचा जीव घेतला, असं त्याचं म्हणणं.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर भलतंच काही दिसत होतं. त्या फौजदाराला घेऊन थेट घरी गेल्या. पितळी घंटा ॲसिडमध्ये बुडवून उजळवायचा त्यांचा कारखाना घराला लागूनच होता.

दूध करपून घरभर वास सुटला होता. बाईंनी नाकाला रुमाल लावला. म्हातारा बाप मात्र गॅसकडे पाठ करून खुशाल बसला होता. सून अंगणातून धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"शेगडी कधी पेटवलीत?"

"शुक्रवारी सकाळी. त्यांना हुडहुडी भरली होती."

"खोकला कधीपासून होता?"

सून करपलेलं पातेलं उतरवायला वळली.

"बघा, तोंडाला कुलूप!" म्हातारा कडाडला.

बाई त्याच्याकडे वळल्या. "ॲसिडच्या खोलीत तो शेवटचा कधी गेला?"

"शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी. गिऱ्हाईक दारात उभं होतं, पंखा बंद पडलेला. पण आमच्याकडे मी वास घेऊन 'जा' म्हटल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. हवा स्वच्छ होती."

बाईंना पुढचं बोलणं जिवावर आलं. पण एक निरपराध बाई तुरुंगात जाणार होती.

"बाबा, फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांचं अस्तर पातळ पेशींचं. विषारी वायूने त्या पेशी गळून पडतात. मग उरलेल्या गुबगुबीत पेशी वाढून उघडी जागा झाकायला लागतात. त्यांची रांग लागायला काही दिवस जातात. तुमच्या मुलाच्या फुप्फुसात अशा रांगाच रांगा आहेत. सकाळच्या धुराने दुपारपर्यंत हे होत नाही. इजा आठवडाभर जुनी आहे, त्या शनिवारची. त्याचं शरीर स्वतःला सावरत होतं, पण ते पुरं पडलं नाही."

"पण मी वास घेतला होता!"

"मघाशी दूध करपलं, बाबा. तुमच्या मागेच."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन वर्षं झाली," तो पुटपुटला. "कसलाच वास कळत नाही. पण तेवढंच एक काम उरलं होतं मला. पोराला सांगायचा धीर झाला नाही."

"त्यांना ठाऊक होतं," सून म्हणाली. "रोज आधी पंखा लावून खोली मोकळी करायचे, मगच तुम्हाला वास घ्यायला बोलवायचे. त्या दिवशी पंखा बंद होता, आणि तुम्ही गिऱ्हाईकासमोर 'जा' म्हणालात. तुमचा मान जाऊ नये म्हणून ते आत गेले. मला शपथ घातली होती, बाबांना कळू देऊ नकोस."

फौजदाराने तक्रारीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

म्हातारा उठला. करपलेलं पातेलं उचलून त्याने नाकाशी धरलं आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. कसलाच वास आला नाही. तेव्हा तो पातेलं छातीशी धरून लहान मुलासारखा रडू लागला, आणि सुनेने येऊन ते त्याच्या हातातून काढून घेतलं.