जेमतेम अवघड

मृण्मयी उजव्या हाताने आमटीभात कालवत होती आणि डाव्या अंगठ्याने फोनवरच्या खेळातला निळा धागा हिरव्याखालून ओढत होती. समोर तिचा नवरा निहार बसला होता. तो म्हणाला, "अगं, आज ऑफिसात..."

"मिरजेच्या फेरीची वेळ पुन्हा बदलायला लावली," मान वर न करता मृण्मयी म्हणाली. "आणि साहेबांनी आधी सांगितलंही नव्हतं."

तसंच झालं होतं. निहार शहर बससेवेची वेळापत्रकं आखायचा, आणि त्याचं स्वतःचंही एक वेळापत्रक होऊन बसलं होतं. तो पुढे काहीतरी बोलणार एवढ्यात मृण्मयीने खालचा ओठ दाताखाली धरला. धागा सरकला, सगळा गुंता भराभर मोकळा झाला, आणि तिच्या तोंडून निघालं, "हं!"

निहारने हातातला घास ताटात ठेवला. ते "हं" त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याच्या एखाद्या चमत्कारिक वागण्याचं कारण कळलं की ती अशीच हरखायची. तेव्हा ते "हं" त्याचं होतं.

त्या काळात हा 'तिढा' खेळला जात नाही असं घर सांगलीत शोधून सापडलं नसतं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत माणसं ओठ चावत बसलेली दिसायची. पूर्वीच्या खेळांत सगळ्यांना एकच कोडं मिळे. एखाद्याला तो पोरखेळ वाटे, तर दुसरा डोकं आपटून नाद सोडून देई. तिढ्यात प्रत्येकासाठी वेगळं कोडं घडवलं जायचं. ते घडवणाऱ्या यंत्रबुद्धीला लोक 'कोडेकार' म्हणत. खेळणारा कुठे थबकतो, कुठे घाई करतो, त्याची नजर कुठे फिरते, यावरून कोडेकार त्याच्या विचारांचा नकाशा काढी आणि त्याला सुटेल न सुटेल असा गुंता त्याच्यापुढे टाकी. माणसं चिडत, शिव्या देत आणि पुन्हा खेळत. मृण्मयीने एकदा वैतागून फोन तांदळाच्या डब्यात पुरला होता, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत कोपरापर्यंत हात घालून तो परत बाहेर काढला होता.

सवतीमत्सर आपण बायकांच्या नावावर लिहून टाकला आहे. पुरुषाला तो झाला तर त्याने कुणाकडे तोंड करून रडावं? समोर कुणी माणूस असता तर निहार निदान भांडला असता. इथे फोनशी कुठे भांडायचं? मृण्मयी अंघोळीला गेली असताना त्याने तिचा फोन उचलून तिचा तिढा उघडला. धागे कसेही ओढले, काही सरकलं नाही. आपण दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसलो आहोत असं त्याला वाटलं. ते कोडं फक्त तिच्याशी बोलत होतं. त्याने फोन जागेवर ठेवला आणि सरळ पुण्याची गाडी पकडली.

पुण्यात त्याची मामेबहीण होती, डॉ. शाल्मली बेंद्रे. तिढ्याचा कोडेकार ज्या प्रयोगशाळेत तयार झाला, तिथे ती मेंदूतज्ज्ञ होती. वयाने मोठी आणि जिभेने तिखट.

"ताई, तुमच्या त्या खेळाने माझा संसार खाल्ला," निहारने खुर्चीत बसता बसता तक्रार मांडली.

"चहा घे आधी. संसार काही चहापेक्षा लवकर थंड होत नाही." तिने कप पुढे सरकवला. "मला सांग, आत्ता तुझ्या पायात चप्पल आहे हे तुला जाणवतंय?"

"तू विचारलंस म्हणून जाणवलं."

"सकाळपासून नव्हतं जाणवत. का? कारण मेंदू हे अंदाज बांधणारं यंत्र आहे. पुढच्या क्षणी काय होणार याचा तो सतत अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला, की तिकडे बघायचं सोडून देतो. पायातली चप्पल, घड्याळाची टिकटिक, सगळं त्याच्या लेखी संपलेलं. याउलट अंदाज सारखा चुकतच राहिला, तरी तो कंटाळून पाठ फिरवतो. पण या दोन्हींच्या मधे एक चिंचोळी जागा आहे. अंदाज जवळपास बरोबर येतो, पण पुरता येत नाही. तिथे मेंदू चिकटतो. खातपीत नाही, झोपत नाही, तिथून हलत नाही. त्या जागेला आम्ही 'जेमतेम' म्हणतो. कोडेकाराला बाकी काही येत नाही. तो फक्त तुम्हाला जेमतेमवर धरून ठेवतो."

"आणि प्रेम?"

शाल्मलीने चहाचा घोट घेतला. "प्रेम कुठल्या जागी राहतं याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. सुरू मात्र जेमतेमवरच होतं."

निहारने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिची चप्पल झालोय."

"चांगली मऊ, पायात बसलेली चप्पल. लोक अशा चपलेसाठी नवस बोलतात रे."

"मला नकोय तसलं कौतुक! मला पुन्हा अवघड कर, ताई."

तिने आधी त्याला वेड्यात काढलं, मग समजावलं, मग रागावली. पण निहारचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर, शास्त्रज्ञाला न झालेला प्रयोग दिसला की त्याचा धीर सुटतो. तिने खणातून एक डबी काढली. आत तिळाएवढं काळं यंत्र होतं. प्रयोगशाळेत त्याला तीळच म्हणत. तो कानात ठेवला की कोडेकाराचा आवाज फक्त त्या माणसाला ऐकू येई, आणि आजूबाजूचं बोलणं कोडेकाराला.

"मृण्मयीचा नकाशा कोडेकाराकडे आहेच," ती म्हणाली. "तो तुला सांगेल काय करायचं ते. मोठं काही नाही, अगदी बारीकसारीक. खोटं बोलायला लावणार नाही, ती अट मी घालते. पण एक लक्षात ठेव, निहार. त्याला तू कळत नाहीस. त्याला तुझी गरजही नाही. त्याला फक्त ती कळते."

निहारने तीळ डाव्या कानात घातला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस नेहमी असाच उत्साहात असतो.

पहिल्या संध्याकाळी तीळ कुजबुजला, "ऑफिसबद्दल बोलू नकोस. चहाही मागू नकोस." निहार गप्प बसला. मृण्मयीने धागा ओढता ओढता एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तीळ म्हणाला, "तिला सांग, लहानपणी तुला पाण्याची भीती वाटायची. का ते सांगू नकोस." हे खरं होतं; आदल्या रात्री तिळाने खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलेलं, त्याआधी कुणालाच नाही. बातम्या बघताना एकदा तिळाने त्याला मधेच उठवून गॅलरीत उभं केलं. एकदा बाजारातून पिशवीभर कमळकाकड्या आणायला लावल्या. घरात त्या कुणीच खात नव्हतं.

"हे काय?" मृण्मयीने विचारलं.

"दिसल्या," तिळाने सांगितलं तेवढंच निहार म्हणाला.

मृण्मयीने फोन टेबलावर ठेवला. कमळकाकडी हातात घेऊन ती निहारकडे बघत राहिली, आणि तिने खालचा ओठ दाताखाली धरला.

त्यानंतरचा महिना निहारच्या आयुष्यातला सोन्याचा महिना. मृण्मयीचा फोन चार्जिंगविना खणात पडून राहू लागला. ती एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून दमून यायची, तरी आल्या आल्या त्याच्यासमोर बसायची. त्याने वाक्य अर्धवट सोडलं की तिचे डोळे चमकायचे. रुसायची, चिडायची, "तुझं डोकं फिरलंय का रे?" म्हणायची, आणि मग अचानक कशाचा तरी उलगडा होऊन म्हणायची, "हं!" त्या एका अक्षरावर निहार दिवसभर तरंगायचा.

पण मत्सर हा चिवट पाहुणा. त्याला पुढच्या दाराने घालवला, तर तो मागच्या दाराने येऊन पाटावर बसतो. एका संध्याकाळी मृण्मयी निहारच्या कुठल्याशा उत्तरावर खळखळून हसली, आणि त्याच्या मनात आलं, हे उत्तर माझं कुठे होतं? पूर्वी तो वैरी निदान फोनमध्ये राहायचा. आता तो आपल्याच कानात बसून आपल्याच बायकोशी बोलतो, आणि आपण आपलं तोंड त्याला वापरायला देतो. ती हसली की निहार आता जळू लागला. स्वतःच्याच जिभेवर जळणारा माणूस त्याच्याआधी झाला नसेल.

म्हणून एका रविवारी सकाळी त्याने तीळ काढून डबीत ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन तो मनापासून, अगदी स्वतःचं असं बोलला. "मृण्मयी, तू दवाखान्यातून येतेस ना, तेव्हा तुझ्या हातांना मालिशच्या तेलाचा वास असतो. मला तो फार आवडतो. तू घरी आलीस असं मला त्या वासावरूनच वाटतं."

"हो रे, माहितेय मला," मृण्मयी प्रेमाने म्हणाली. मग तिचा हात सवयीने ओट्यावर फिरला. फोन तिथे नव्हता, म्हणून ती खणापर्यंत गेली आणि तिने तो चार्जिंगला लावला.

निहारने बाथरूममध्ये जाऊन तीळ पुन्हा कानात घातला. तोंड धुतलं, तरी डोळ्यांचा लालपणा गेला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती दोघं कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसली होती. उन्हं उतरली होती. पलीकडे मुलं पाण्यात दगड भिरकावत होती. निहारच्या मनात सगळं दाटून आलं होतं. आज सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. त्याने तोंड उघडलं, तोच तीळ कुजबुजला, "गप्प बस. काही सांगू नकोस."

तो आवाज त्याला कधी नव्हे इतका असह्य झाला. आजवर पहिल्यांदा त्याने तिळाचं ऐकलं नाही. "मृण्मयी, गेला महिना दीड महिना तुझ्याशी जो बोलतोय तो मी नाहीये," तो म्हणाला, आणि पुण्याची वारी, जेमतेम, तीळ, कमळकाकड्या, सगळं त्याने भडाभडा सांगून टाकलं. "मला तुझा तो फोन सहन होईना गं. तू त्याच्याकडे बघायचीस तसं माझ्याकडे बघावंस, एवढंच हवं होतं. चुकलो मी."

मृण्मयीने शांतपणे भडंगातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. अरे, माणसाच्या माना बघणं हा माझा धंदा आहे. बोलायच्या आधी तुझी मान जराशी डावीकडे झुकते, कुणी कानात सांगावं तशी. दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोडं सुटत आलेलं असताना कुणी मधेच सोडतं का?" तिचे डोळे लकाकत होते. "हे तू बोलत नाहीयेस, हे कळलं, तिथून तर खरी मजा आली, निहार. तुझ्याआडून कुणीतरी माझ्याशी खेळतंय. त्याने कमळकाकड्याच का आणायला लावल्या? पाण्याचंच का सांगायला लावलं? मला आठ दिवस झोप नव्हती."

निहारला आपला आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "आणि मी?"

मृण्मयीने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती, काळजी होती, इतक्या वर्षांची ओळख होती. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू आहेसच की रे," ती म्हणाली.

याहून गोड आणि याहून वाईट असं त्याच्याशी कुणी कधी बोललं नव्हतं.

मग ती त्याच्या जवळ सरकली. तिचा श्वास त्याच्या गालाला लागला. घाटावर एवढी माणसं असताना ती असं कधीच करत नसे. निहारने डोळे मिटून घेतले. मृण्मयीचे ओठ त्याच्या डाव्या कानाशी आले.

"तो बोलावा म्हणूनच गप्प बस म्हणालास ना त्याला?" ती हळूच कानातल्या तिळाला म्हणाली. "तो आज बोलणार, हे घाटावर यायच्या आधीच कळलं मला. फार सोपं होतं. पुढचं जरा अवघड दे."

निहारने डोळे उघडले. आपण एक तरी गोष्ट आपल्या मनाने केली, एवढाच काय तो आधार त्याला होता. तोही गेला. त्याचा हात कानाकडे गेला. नखाने उचकटलं असतं तर तीळ निघाला असता, दोन पावलांवर नदी होती. मृण्मयी मात्र जागची हलली नव्हती. त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून ती वाट बघत होती. इतक्या ओढीने वाट बघणारी मृण्मयी त्याने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. हात तसाच खाली आला.

तीळ मग कुजबुजला, "ऊठ. काही न बोलता चालायला लाग."

निहार उठला आणि पायऱ्या चढू लागला. मागून भडंगाचा कागद चुरगळल्याचा आवाज आला, मग घाईची पावलं. "अरे थांब ना! निहार, थांब!" मृण्मयी धावत त्याच्यामागे येत होती, हसत होती, त्याचं नाव घेत होती. त्याला फार वाटलं, वळून तिचा चेहरा बघावा.

तो वळला नाही. तसं त्याला सांगितलेलं नव्हतं.