तिकीट खिडकीपाशी उभी मुलगी

बसा रे, पायऱ्यांवरच बसा. वीज आल्याशिवाय मॅडम तास घेणार नाहीत आणि हजेरी लागल्याशिवाय तुम्ही काही हलणार नाही. मगाशी कोणीतरी विचारलंत ना, मागच्या खोलीतल्या आरशाला कागद का चिकटवलाय? तो मी चिकटवलाय. का, ते सांगतो. पण मध्येच दात काढायचे नाहीत. जिच्यावर हे बेतलं ती पोरगी मला काका म्हणायची. अजून वर्षातून एकदा फोन करते.

मंगळवार होता. मार्चची एकोणीस तारीख. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी इथेच विभागाच्या दारात शिपायाचं स्टूल टाकून बसलो होतो. तिला मॅडमनी कामाला पाठवलं होतं. काम तसं साधंच. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते, त्यांना तिच्या प्रोजेक्टची फाइल पूर्ण हवी होती. एका मुलाखतीची शेवटची दहा मिनिटं तिनं कागदावर उतरवलीच नव्हती. रेकॉर्डर मागच्या खोलीत होता. म्हणून ती माझ्याकडे किल्ली मागायला आली.

तिला सगळे 'टिपणी' म्हणायचे. शिंकलं तरी वहीत टिपून ठेवणारी. तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली बारा पोरं होती, त्यांत ही सगळ्यांत हुशार. घरचे म्हणायचे, "वेड्यांचं शास्त्र शिकून काय करणार?" ही म्हणायची, "शहाण्यांचं शिकतेय, ते जास्त अवघड आहे." असं बोलणं. पण त्या दिवशी किल्ली घेताना तिनं माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

का पाहिलं नाही, ते मला ठाऊक होतं. थोडंसं तरी.

तिचा प्रोजेक्ट आठवणींवरचा होता. माणसाच्या लहानपणच्या चार गोष्टी त्याला वाचून दाखवायच्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या. चौथी आपण रचलेली. मग आठवडाभराच्या अंतरानं तीनदा बोलावून विचारायचं, यातलं काय काय आठवतं? पुष्कळदा होतं काय, न घडलेली गोष्टही माणसाला आठवायला लागते. कपडे आठवतात, वास आठवतो. आणि प्रयोग संपला की त्याला समोर बसवून सांगायचं, ही चौथी गोष्ट खोटी होती, आम्ही रचली होती, माफ करा. याला मॅडम 'उलगडा' म्हणतात. उलगड्याशिवाय प्रयोग संपत नाही. हे त्या पहिल्याच तासाला सांगतात, तुम्हालाही सांगितलं असेल.

टिपणीनं सहा माणसं धरली होती. त्यातला एक आपल्या फाटकासमोरचा शिंपी. सत्तरीला टेकलेला, लग्न न केलेला, थोरल्या बहिणीबरोबर दुकानामागच्या दोन खोल्यांत राहणारा. मुलींच्या कपड्यांची उसवलेली शिवण बोलता बोलता घालून द्यायचा, दोरा दातानं तोडायचा. बहिणीनं तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या आणि प्रयोग होईपर्यंत गप्प राहायचं कबूल केलं. चौथी टिपणीनं लिहिली. तुम्ही सात वर्षांचे असताना शेजारच्या लहान मुलीला सर्कस दाखवायला नेलंत. तिकीट खिडकीपाशी तिला म्हणालात, इथेच उभी राहा, मी आलोच. आणि खेळाच्या नादात तिला विसरून घरी आलात. तासाभरानं तिकीटवाल्यानं तिला सायकलवर बसवून घरी आणून सोडलं.

मॅडमनी ही गोष्ट तपासली, शेवट गोड आहे म्हणून सही केली.

पहिल्या खेपेला शिंपी म्हणाला, "नाही गं बाई, असलं काही आठवत नाही." बाकीचे पाचही तेच म्हणाले. वर्गातल्या इतरांचे प्रयोग जमत होते, हिचा फसत होता. तेव्हा दुसऱ्या खेपेला तिनं काय केलं... शेवटचं वाक्य गाळलं. तिकीटवाला नाही, सायकल नाही. गोष्ट खिडकीपाशीच थांबली. अर्धवट राहिलेलं माणसाच्या डोक्यात जास्त घोळतं, हे ती वर्गात शिकली होती. तिला वाटलं, एका वाक्यानं काय होतंय?

तिसऱ्या खेपेला शिंप्याला सगळं आठवलं. मुलीची लाल रिबीन आठवली. नाक पुसायची सवय आठवली. तो रडला. आणि टिपणीला प्रोजेक्टमध्ये मॅडमनी वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले.

उलगडा तेवढा राहिला. फॉर्मवर 'उलगडा केला' अशी चौकट असते. तिनं त्यावर बरोबरची खूण करून टाकली. करूच की सोमवारी, म्हणाली. मग तो सोमवार गेला, पुढचाही गेला.

आता माझं सांगतो. लपवत नाही. शिंपी इथे तीनदा आला होता. याच पायऱ्यांवर, चपला काढून उभा. "ती प्रश्न विचारणारी पोरगी आहे का हो? माझी बहीण म्हणते, तशी मुलगी कोणी नव्हतीच, सगळं कॉलेजच्या पोरांचं नाटक आहे. मी तिला म्हटलं, त्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर मानेन." मी आत जाऊन टिपणीला सांगितलं. ती म्हणाली, काका, परीक्षा आहे म्हणून सांगा ना. मी तसं सांगितलं. तीनही वेळा सांगितलं. ती वरच्या खिडकीतून तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहायची.

शेवटच्या खेपेला तो म्हणाला, "घाई नाही. तिला सांगा, मी शोधतोय."

मार्चच्या नऊ तारखेला, शनिवारी, झोपेतच गेला. हृदय.

तर... मंगळवार, एकोणीस तारीख. टिपणी मागच्या खोलीत गेली. आतलं सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. तुम्ही पाहिली आहे ती जागा. दोन खोल्या आणि मध्ये मोठी काच. पलीकडच्या खोलीत दिवा असतो, टेबल, दोन खुर्च्या, माईक. तिथे बसणाऱ्याला ती काच म्हणजे आरसा दिसते. अलीकडची खोली अंधारी, तिथून पलीकडचं सगळं दिसतं आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकूही येतं. ती अंधाऱ्या खोलीत बसली. सवयीनं पलीकडचा दिवा लावला, माईकचं बटणही लागलं. रेकॉर्डर सुरू केला. पेन उघडलं.

शिंप्याचा आवाज आला. दहा दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज.

"तिकीट खिडकीपाशीच. लाल रिबीन होती तिची..."

तिनं लिहिलं.

"मी म्हटलं इथेच उभी राहा. आणि मग मी... मी विसरलोच गं तिला."

लिहिलं.

"सापडली का ती? तुला माहीत असेल. तुझ्याकडे लिहिलेलं असेल."

मग तिचा स्वतःचा आवाज आला. शांत, गोड, वर्गात शिकवतात तसा. "तुम्हीच आठवून पाहा, आजोबा."

तिला ते लिहिता येईना. तिनं रेकॉर्डर बंद केला. त्यावरचे आकडे थांबले. लाल दिवा विझला.

स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता.

तिला वाटलं, आपलाच असेल. तिनं श्वास रोखला.

तो चालूच होता. भरभर. सर्दी झालेल्या लहान मुलाचा असतो तसा.

पलीकडे दिवा. टेबल. दोन खुर्च्या. कोणी नाही.

"अजून उभी राहू?"

स्पीकरमधून. अगदी हळू.

पोरांनो, ती पळाली असती तर मी तिला नावं ठेवली नसती. पण पळायला पाय लागतात. तिचे पाय जागच्या जागी राहिले. तिनं बटण दाबलं, त्या खोलीत आवाज जायचं बटण. म्हणाली, "कोण आहे?"

"मला इथेच उभं राहायला सांगितलंय."

"कोणी?"

स्पीकरमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग...

"तूच ना?"

काचेवर, पलीकडून, वाफेचा एक डाग उमटला. कमरेच्या उंचीवर, आता माझा कागद आहे तिथेच. तोंड लावून आत बघावं तसा. डाग विरला. पुन्हा उमटला.

तेव्हा तिला एकच गोष्ट सुचली. जी करायची राहिली होती ती. बटण दाबून धरलं आणि बोलायला लागली. उलगडा. पाठ होता तिला. "आपण या प्रयोगात भाग घेतलात त्याबद्दल आभारी आहे. आपल्याला सांगितलेल्या गोष्टींपैकी एक गोष्ट खरी नव्हती. ती मी... ती मी रचली होती. तिकीट खिडकीपाशी कोणी नव्हतं. अशी मुलगी कधीच नव्हती. आजोबा, तुम्ही कोणालाही विसरला नव्हतात. माझं चुकलं. आजोबा, माझं चुकलं हो..."

श्वास थांबला.

तिला वाटलं, संपलं.

"मग... मी कोण?"

...

काय सांगणार? तुम्ही काय सांगितलं असतं?

तिच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. ती उठली. पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. दिवा होता, खुर्च्या होत्या. ती गुडघ्यांवर बसली, समोर कोणी नसताना, आणि म्हणाली, "सापडलीस. उशीर झाला, पण सापडलीस. चल, घरी सोडते."

डाव्या हाताची दोन बोटं कोणीतरी धरली.

गार. लहान. थोडी चिकट.

मी स्टुलावर होतो. ती या व्हरांड्यातून माझ्यासमोरून गेली. डावा हात किंचित खाली, अंगापासून लांब. लहान पावलं टाकत होती. ही नेहमी तरातरा चालायची, पाहिली आहे मी. मी विचारलं, "झालं का काम?" या पायरीशी ती थांबली... वाट बघतात तशी... मग उतरली.

तिच्या डाव्या बाजूला...

नाही. मला काही दिसलं नाही. दिसलं असं मी म्हणणार नाही.

फाटक, मग रस्ता, मग शिंप्याचं बंद दुकान. तिथपर्यंत बोटं सुटली नाहीत. शटरपाशी सुटली. एवढंच. शटर वाजलं नाही, उघडलं नाही. ती तिथेच बसून रडली. आठ वाजून गेले होते. मी जाऊन तिला उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. भुताचं नव्हे हां, वाक्य गाळलं ते, आणि खोटी खूण केली ते. परीक्षकांसमोर सांगितलं. प्रोजेक्ट रद्द झाला, वर्ष गेलं. घरी आईनं महिनाभर अबोला धरला. पण हे सांगितलं त्याच दुपारी ती मला म्हणाली, "काका, आजींकडे एकटीला जाववत नाही." मग मीही गेलो. मलाही जायलाच हवं होतं.

शिंप्याच्या बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदराला हात पुसत म्हणाली, "दोन शब्द लागत होते गं. ती नव्हती, बस्स. माझ्यावर त्याचा विश्वास बसेना. म्हणायचा, तू तेव्हा मावशीकडे होतीस. तुझ्यावर बसला असता."

टिपणी मान खाली घालून उभी. मीही.

"शेवटी शेवटी गिऱ्हाइकांची कामं सोडून तिच्यासाठी फ्रॉक शिवत बसायचा," म्हातारी म्हणाली. "सापडली की तिला घालीन म्हणायचा. सगळा झाला, खालची कड तेवढी दुमडायची ठेवली. म्हणायचा, उंची कळल्याशिवाय दुमडू कशी? तसाच टांगून ठेवलाय. तो गेल्यापासून मी शटर उघडलेलं नाही. तूच घेऊन जा तो. मला बघवत नाही."

कनवटीची किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं. आम्ही तिघांनी मिळून शटर वर सरकवलं. अकरा दिवस कोंडलेली हवा बाहेर आली. मशीनवर धूळ होती. खिळ्याला पिवळा फ्रॉक होता.

म्हातारीनं तो काढला, उजेडात धरला, आणि हातातच ठेवून बघत राहिली.

कड दुमडलेली होती. चार बोटं आत. सगळीकडून सारखी, हातशिलाईची बारीक टीप.

"आजी, तुम्ही..." टिपणी म्हणाली.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही गं. तीन वर्षं झाली."

मी फ्रॉक हातात घेतला. टिपेच्या शेवटी गाठ होती. दोरा कात्रीनं कापलेला नव्हता, दातानं तोडलेला होता. मी त्याचं टोक बोटांत धरून पाहिलं.

अजून ओलं होतं.