कोठीतला पाय

पहाटेच्या शांततेत ज्वारीच्या कोठीचं पत्र्याचं झाकण खणकलं. मांजर असंल, म्हणून पूनमने कूस बदलली.

उजाडल्यावर पाहते तर नवऱ्याचा नकली पाय जाग्यावर नव्हता. त्याचा बूट मात्र उंबरठ्याबाहेर होता, लेस नीट सोडलेली.

सुरुंगात पाय गमावून ज्ञानेश्वर फौजेतून धाड गावाजवळच्या या घरी परतला होता. आज बुलडाण्याहून साहेब पाहणीला येणार होते. अनुदान मिळालं तर पायऱ्यांच्या जागी उतार होणार होता, अन् घरातच संडास. तोवर परसात त्याला पूनमच न्यायची, पाठीवर. गेल्या खेपेला तो साहेबांसमोर ताठ उभा राहिला होता. चिमुकल्या लेकीनं, मंजूनं, टाळ्या वाजवल्या होत्या. पॅन्टच्या आत रक्त गळत होतं, ते कोणाला दिसलं नाही. ‘चालू शकतो’ म्हणून अर्ज फेटाळला.

पूनमने त्याला चहा दिला. कप घेणाऱ्या तळव्याला भिंतीचा चुना होता.

“पाय कोणं नेला?”

“मीच ठेवला कोठीत,” चुलीपाशी बसलेली सासू, शालूबाई, म्हणाली. “आता उकरू नको.”

“हात मोडल्यापासून तुम्हाले ज्वारी कोण काढून देते, आत्याबाई?”

“तूच.”

“मंग झाकण कसं उचललं?”

“उचललं एकदाचं. तू काय ठाणेदार लागून गेली?”

पूनमने कोठी उघडली. पाय दाण्यात उभा होता. वर त्याचा मोजा, कडेला कड जुळवून घडी घातलेला.

ती खाटेपाशी आली.

“दाण्याले बूट लागू नये म्हणून काढला. तेवढं तर आत्याबाईंनीबी केलं असतं. पण ते झाकण त्यांच्यानं उचलत नाही. अशी घडी या घरात एकच माणूस घालते. अन् भिंत धरून गेल्याचा चुना तुमच्या हाताले आहे.”

ज्ञानेश्वरनं मूठ मिटली.

“साहेब दारात आला का माह्यं अंग आपोआप उठते, पूनम. पाय समोर दिसला तर मी उभा राहीन. अन् तुह्यी पाठ...”

चुलीपाशी शालूबाईनं पदर तोंडाला लावला. “लेकाचं नाव कसं घेऊ मी?”

पूनमने झाकण पुन्हा लावलं, आवाज होऊ न देता.

साहेब आले. ज्ञानेश्वर खाटेवरच बसून राहिला. हात कपाळाकडे अर्धा उठला, अन् मांडीवर परत आला.

जीप गेल्यावर पूनम मंजूची वेणी घालायला बसली.

“आई, बाबाले उभं राहता येते नं? मंग आज काऊन नाही राहिले?”