कपाट बसत नाही

ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. ऐकीव नाही. बदलापूर पूर्वेचं ते घर आजही तिथंच आहे. इमारतीचं नाव सांगणार नाही, कारण त्या घरात अजून एक माणूस राहतो.

आणि हे रात्री घडलेलं नाही. सगळं भर दुपारी घडलं.

मी धर्मेश. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका फर्निचरच्या दुकानात बसून कॉम्प्युटरवर घरांची मॉडेल्स बनवतो. गिऱ्हाइकाच्या घराची मापं घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये भिंती उभ्या करायच्या, त्यात पलंग, कपाट बसवून दाखवायचं. त्यांनी 'हो' म्हटलं की सुतार कामाला लागतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येत नाही. जागा मोकळी नसेल तर कपाट लाल होतं आणि मागे सरकतं. जागा रिकामी दिसत असूनही असं झालं, तर कारणं ठरलेली असतात. एखादी वस्तू लपवलेली असते. दिसत नाही, पण जागा अडवते. किंवा कपाट जमिनीच्या खाली गेलेलं असतं. किंवा एकच भिंत दोनदा काढलेली असते. लपवलेलं सगळं दाखवा, उंची शून्य करा, जादाची भिंत पुसा. तरीही अडलं तर नव्या फाइलमध्ये घर पुन्हा काढा.

हे आधीच सांगतोय, कारण ही गोष्ट ऐकली की लोक मला हेच उपाय सुचवतात.

मी ते सगळे केले होते.

घर बुधाजीकाकांचं. मूळचे जांभूळ गावचे, अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांची बायको जनीकाकू आदल्या वर्षी वारली. बरेच महिने पलंगावर होती. मुलगा प्रीतम पुण्याला. त्याला वडिलांना तिकडे न्यायचं होतं आणि हे घर भाड्यानं द्यायचं होतं. म्हणून भाडेकरूसाठी बेडरूमच्या खिडकीजवळ मोठं कपाट हवं होतं.

मी मापं घ्यायला गेलो तेव्हा बेडरूम रिकामी होती. काकूचा पलंग केव्हाच देऊन टाकला होता.

काका मला खिडकी दाखवायला आले. सरळ नाही आले.

खोलीच्या मधून वळसा घालून आले... पलंगाला घालावा तसा.

सवय असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मॉडेल केलं. खिडकीजवळ कपाट ठेवलं.

लाल.

वरचे सगळे उपाय केले. शेजारी बसणारी रिद्धी माझ्याहून जुनी. तिनं माऊस हिसकावून घेतला.

"भिंत दोनदा काढली असशील. तुझी सवयच आहे ती."

नव्हती काढली. तिनं नव्या फाइलमध्ये घर काढलं. पुन्हा लाल.

"सॉफ्टवेअर वास्तुशास्त्र शिकलं वाटतं," ती हसली. मग तिनं कपाट सगळ्या बाजूंनी हळूहळू सरकवून पाहिलं आणि अडणाऱ्या जागेच्या कडा आखल्या.

तिचं हसू गेलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद.

"धर्मेश, हा तर पलंग आहे."

मी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. कपाट तिथं बसत नाहीये, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी स्क्रीनवरचा तो चौकोन बराच वेळ पाहिला.

"डोकं खिडकीकडं," ते म्हणाले. "तिला वारा लागायचा." मग म्हणाले, "राहू दे, पोरा. तिला उठवू नको."

कपाटाचं काम राहिलं. महिन्याभरात प्रीतम येऊन काकांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

नंतर एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज दबका होता, घरातल्यांना ऐकू जाऊ नये असा.

"धर्मेश, जरा कॉम्प्युटरात बघशील? ती हाय का तिथं?"

मी फाइल उघडली. खिडकीजवळ कपाट ठेवलं.

बसलं. लाल नाही, काही नाही.

"नाही, काका. जागा मोकळी आहे."

"मना न सांगता कुठं जाईल ती? सगलीकडं बघ."

मी कपाटाऐवजी छोटं स्टूल घेतलं आणि घरभर फिरवलं. स्वयंपाकघर. मोरी. हॉल. अंधारात हात फिरवतात तसं. सगळीकडे बसत होतं.

मुख्य दारापाशी आलो...

लाल.

या वेळी जागा पलंगाएवढी नव्हती. जेमतेम दीड फूट. उभ्या माणसाएवढी.

"दाराशी आहे, काका."

"आतल्या अंगाला का भायेर?"

मी पुन्हा पाहिलं. "आत."

"म्हंजे वाट बघते," काका म्हणाले. "आणि आपण कुलूप लावून आलो."

रविवारी ते एकटेच आले. मी स्टेशनवर घ्यायला गेलो. रिक्षात त्यांच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती.

काकांनी किल्ली दिली, मी कुलूप काढलं. दार ढकललं. हातभर उघडलं आणि अडलं.

फटीतून आत पाहिलं. दारामागे काही नव्हतं.

मी खांदा लावला. दार हललं नाही. पण लाकडाला लागल्यासारखं नव्हतं ते... मऊ होतं.

काकांनी माझा दंड धरून मला मागे केलं.

"ढकलू नको. लागल तिला."

मग फटीशी तोंड नेलं.

"जने, मी हाय. सरक गो जरा."

दार उघडलं.

सगळ्या घरात धुळीचा थर होता. दारामागच्या दीड फुटात मात्र फरशी लख्ख होती.

काका आत गेले. पिशवी हॉलमध्ये ठेवली. मला म्हणाले, "तू जा आता. प्रीतमला मी सांगतो."

प्रीतमनं मलाच फोन करून झापलं. "तुम्ही त्यांच्या डोक्यात काय भरवलंत? सत्तरीचा माणूस तिथं एकटा राहणार?" त्याचं चुकलं नव्हतं. वडिलांना परत नेण्यासाठी तो येत्या शनिवारी येणार आहे.

म्हणून मी काल फाइल उघडली. ती तिथं नसेल, तर काकांना तसं सांगता येईल. कदाचित ते ऐकतील.

दाराशी स्टूल बसलं.

खिडकीजवळ लाल. तोच पलंग, तीच मापं.

निदान ती पूर्वीच्या जागी परत गेली, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकणार होतो. तेवढ्यात रिद्धी म्हणाली, "बाजूला बघ."

पलंगाच्या शेजारी स्टूल ठेवलं...

लाल.

कडा आखल्या. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. पहिल्याला चिकटून.

मी लगेच काकांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"बोल. जेवतोय."

आवाज ठणठणीत होता. मी इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, झोपता कुठे?

"हॉलमधी. सोफ्यावर."

"बेडरूम तर रिकामी आहे, काका."

ते थोडं थांबले. आत कुणाला तरी विचारून घ्यावं, तसं.

"रिकामी नाय," म्हणाले. "पण माझी जागा धरून ठेवलीय तिनं. सांगल तेव्हा जाईन."

शनिवार परवावर आला आहे. प्रीतमला काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.