हातवाला आणि तोंडवाला

मानवजात एका मनाच्या कोठडीतून कायमची सुटली, हा दिवस इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं आरोग्यमंत्री जोडमनाच्या उद्घाटनात म्हणाले. पुढच्या महिन्यात ज्या पहिल्या शंभर पुरुषांनी जोडमन बसवून घेतलं, त्यातल्या ब्याऐंशी जणांनी दुसरं मन बायकोशी बोलायला लावून दिलं.

मिरजेचे तन्मयराव हळबे त्यातलेच. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचत आणि केतकीताई समोर बसून बोलत. दोन्ही एकदम जमेना. शेवटी त्यांनी मानेत तांदळाएवढी चकती बसवून घेतली. बायकोला सांगितलं नाही. तीच तर सोय होती.

कल्पना साधी आहे. मेंदू एक, मनं दोन, दोन्ही एकाच वेळी कामात. चकतीतला 'कारभारी' कुणी काय करायचं ते वाटून देतो. पण जीभ पडली एकच. चाचणीच्या काळात दोन्ही मनं एकदम बोलू लागली आणि एक गृहस्थ सांत्वनाला जाऊन, हुंदके देत, अभिनंदन करून आले. तेव्हापासून कारभारी प्रत्येक अवयवाला कुलूप घालतो. किल्ली ज्याच्याकडे तो आत. दुसरा दारात 'झालं का, झालं का' करत उभा. हळब्यांकडे वाटणी ठरली ती अशी : तन्मयरावांकडे हात आणि डोळे, नव्या मनाकडे तोंड आणि कान.

सहा महिने सुखात गेले. मग एका सकाळी सतरा आडवा जुळवताना तन्मयरावांनी सहज वर पाहिलं. केतकीताई हसत होत्या. पोट धरून, चष्मा काढून डोळे पुसत. आवाज मात्र नाही, कान तोंडवाल्याकडे. बत्तीस वर्षांत त्यांच्या सर्वोत्तम विनोदावरही ती फार तर "बरं" म्हणाली होती.

त्या दिवसापासून कोड्यांत चुका होऊ लागल्या. आठवड्याभरात तन्मयरावांनी जिभेची आणि कानांची किल्ली मागून घेतली आणि डॉक्टर हसबनीसबाईंचा दवाखाना गाठला.

"काढून टाका त्याला!"

"कुणाला?"

"तोंडवाल्याला. माझ्या घरात, माझ्या तोंडानं, माझ्या बायकोला हसवतो!"

"हळबेसाहेब, चकती बसवली तेव्हा तुमच्या मनाला दोन सारख्या फांद्या फुटल्या. मूळ कोण आणि नवा कोण, हे मलाही सांगता येत नाही."

"मी सांगतो ना. मूळ मी."

"परवा तुम्ही कोडी रचत असताना त्यानं नुसत्या तोंडी हुकमावर मला फोन लावला होता. तोही हेच म्हणाला."

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, 'दिवसभर तिला हसवायचं मी, आणि हसताना ती दिसणार त्याला. काढून टाका त्याला.'" बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "कुणालाही पुसता येईल, पण पुसलेला परत येत नाही. आणि कायद्यानं दोघंही नवरेच. कुणाला ठेवायचं, त्यावर वहिनींची सही लागेल."

घरी येऊन तन्मयरावांनी सगळं कबूल केलं. सगळ्या किल्ल्या मुठीत घट्ट धरून. दारावर तोंडवाला धडका देत होता. आज कितीतरी दिवसांनी केतकी दिसतही होती आणि ऐकूही येणार होती.

ती हसली नाही. तिनं कागद दोनदा वाचला.

"म्हणजे सहा महिने मी एकाशी बोलत होते, आणि बघत होता दुसराच?"

"तसं… हो."

"आणि माझ्याजवळ अख्खा बसलेला असा कुणीच नव्हता?"

तन्मयरावांनी जिभेची किल्ली हळूच दाराबाहेर सरकवली. तोंडवाल्यानं ती तशीच परत आत ढकलली.

केतकीताईंनी सही न करताच कागदाची घडी घातली आणि वाटाण्यांची पिशवी टेबलावर ओतली.

"दोघांपैकी जो रिकामा असेल, त्यानं एवढे सोलून द्या."