धुतलेली बाटली

"तुम्ही एवढंच शोधून द्या," ती वहिनींना म्हणाली. "त्या बाटल्या ह्यांनी भरल्या का?"

तिचा नवरा ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचा. टेकडीवर शिशाची खाण होणार होती. ती होण्याआधी ओढ्यात पाणी किती आणि कसं, हे तपासायचं काम चाललं होतं. त्याच ओढ्यात पडून तो वारला. त्या सकाळच्या बाटल्यांत शिसं निघालं आणि गावाला विषय मिळाला. कंपनीसाठी त्यानेच पाण्यात घाण कालवली म्हणे, आणि ओढ्याने त्याला ठेवून घेतलं.

"ठेवून घेतलं," बायको सपाट आवाजात म्हणाली. "मुलीला शाळेत हेच ऐकवतात."

भाऊजी खाली मान घालून चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती. त्यांचा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, गेल्यापासून वहिनी अशी शोधाची कामं घेत आणि भाऊजी गाडी चालवत. घरातल्या रिकाम्या खुर्चीबद्दल दोघंही बोलत नसत.

"पण कंपनीला पाणी स्वच्छ दिसायला हवं ना?" त्यांनी विचारलं.

"खाण सुरू झाल्यावर, भाऊजी. त्याआधी जितकं घाण, तितकं त्यांना बरं. उद्या कोणी बोट दाखवलं तर म्हणायचं, हा ओढा मुळातच असा."

खिडकीपाशी बायकोचा थोरला भाऊ उभा होता. तो ओढ्याचा प्रवाह मोजायचा. मेव्हण्याला या कामावर त्यानेच लावलं होतं.

"दाजींसारखा काटेकोर माणूस नाही," तो म्हणाला. "तीनदा विसळल्याशिवाय बाटली भरायचे नाहीत. मी काठावरून रोज बघायचो. त्या दिवशी मी खालच्या अंगाला होतो. वर आलो तर ते पाण्यात पालथे. लगेच ओढून काढलं, फोन केला. बाटल्या भरून पेटीत होत्या, त्या तशाच पोचवल्या."

बोलता बोलता त्याने उजवा हात मागे नेला. बहिणीने तो पुढे ओढला. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला पिवळा डाग होता.

"दादा, मलम लाव म्हटलं ना तुला?"

"बॅटरीचं पाणी आहे गं. जाईल."

तिनेच मलम लावलं, लहान मुलाला लावावं तसं.

प्रयोगशाळेतली बाई भेटताक्षणी भांडायलाच उठली. "माझ्यावर ढकलू नका! लाल झाकणाच्या बाटलीत अ‍ॅसिड मी स्वतः घातलं होतं."

"कशाला घालता?" वहिनींनी विचारलं.

"धातू बाटलीला चिकटून बसू नयेत म्हणून. तळाशी थोडंसंच असतं. साधी बाटली विसळून भरायची, लाल झाकणाची कधीच विसळायची नाही. हे मला माहीत आणि त्यांना माहीत. आणि त्या दिवशीच्या बाटलीत अ‍ॅसिडचा पत्ता नाही! सगळे म्हणतात, बाई विसरली. शिवाय तळाशी राखाडी गाळ."

तिने बोट नाचवलं. टोकाला पिवळा डाग होता.

"हा कशाचा?"

"त्याचाच. कातडी सुटेपर्यंत जात नाही. घरी सासूबाई विचारतात, सिगारेट ओढतेस का."

भाऊजींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

कंपनीचा साहेब टेकडीवरच्या छावणीत बसायचा. चढून जाताना भाऊजींच्या छातीचा भाता झाला. "वहिनी, संशयित सपाटीवर का राहत नाहीत?"

"मी बाटल्यांना हात लावत नाही," साहेब म्हणाला. "त्यात कसलं पाणी आणि कसलं अ‍ॅसिड, मला विचारू नका. वाईट झालं. त्याच्या बायकोच्या भावाला मात्र आम्ही कायम करतोय. कामाचा माणूस आहे."

छावणीमागे खाणीसाठी खणलेला चाचणीचा खड्डा होता. भाऊजींचा बूट त्यात घोट्यापर्यंत रुतला आणि राखाडी होऊन निघाला. उतरताना त्यांनी तो ओढ्याच्या वळणावर धुतला. तिथे तळाशी नुसती वाळू आणि गोटे. पाणी इतकं नितळ की गोट्यांवरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. नमुने घेणारा तो इथेच पडला होता. पाणी आपलं चाललं होतं, कुणाचं काही लागत नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, तोच चहा.

"बाटल्या तुमच्या नवऱ्याने भरल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या.

बायकोने डोळे मिटले आणि उघडले.

"लाल झाकणाची बाटली कोणीतरी विसळली, म्हणून अ‍ॅसिड गेलं. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, तो बाटली विसळणार नाही, सरळ भरेल. साहेब तसा. ज्याला सगळं ठाऊक आहे, तोही ती विसळणार नाही. तुमचा नवरा तसा, प्रयोगशाळेतली बाई तशी. विसळेल तो फक्त दुरून बघून शिकलेला माणूस."

भावाने हात खिशात घातला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "बॅटरीच्या पाण्याने कातडी काळी पडते. हा पिवळा डाग बाटलीतल्या अ‍ॅसिडचा. तळाशी थेंब दिसले, तुम्हाला वाटलं पाणी आहे, ओतून टाकलंत. बोटांवर आलं. नोकरी कायम व्हायची होती ना?"

"मी ढकललं नाही," भाऊ म्हणाला. "हिची शपथ. घसरले ते. दगडावर डोकं आपटलं. मी किती दिवस मागे लागलो होतो, थोडा गाळ घाला म्हणून. ऐकत नव्हते."

"मानलं. पण एक राहिलं. वळणावर गाळ नाही. बाटलीतला गाळ खड्ड्यातला आहे, आणि खड्डा टेकडीवर." वहिनींचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "भाऊजींना विचारा किती चढ आहे. तुम्ही वर गेलात, गाळ घेऊन खाली आलात, बाटल्या विसळून भरल्यात. तेवढा वेळ ते कुठे होते?"

भाऊजींना आपला ओला बूट पायात जड वाटला.

"मला वाटलं, गेलेच ते," भाऊ म्हणाला.

"नाडी बघितलीत?"

त्याने मान हलवली. नाही.

वहिनी उठून दारापाशी गेल्या, फोन काढला आणि पोलीस चौकीचा नंबर लावला. बायको जागची हलली नाही. टेबलावर मलमाची ट्यूब उघडीच होती. तिने झाकण शोधलं, घट्ट फिरवलं. मग भावाकडे बघितलं.

"पाणी फार गार होतं का रे, दादा?"

"होतं."

"हं," ती म्हणाली, आणि मुलीला शाळेतून आणायला चपला घालू लागली.