चाळीस मैलांची डोण

दुपारी जेवण झालं की मर्ल पाणी बघायची. फोनवर. घरापासून चाळीस मैलांवरच्या बोअरवेलला तिच्या मुलाने, डार्सीने, कॅमेरा बसवला होता. दर तासाला गुरांच्या डोणीचा फोटो यायचा आणि खाली टाकीतलं पाणी आकड्यांत.

पूर्वी त्यासाठी आठवड्यातला अख्खा दिवस जायचा. दोन तास जायला, दोन यायला, पंक्चर झालं तर ते वेगळंच. नवरा कीथ गाडी हाकायचा, ती शेजारी सँडविचचा डबा मांडीवर धरून. पाण्याची फेरी चुकवायची नाही, हा त्या मुलखातला पहिला नियम. ब्याऐंशीच्या दुष्काळात कीथने एकदाच ती चुकवली, घोड्यांच्या शर्यतीपायी. नेमका पंप बंद पडला. पुढच्या फेरीला गेले तेव्हा गुरं डोणीभोवती आडवी झाली होती. ज्यांच्यात धुगधुगी होती त्यांना कीथने गोळी घातली. नंतर तो शर्यतीला कधी गेला नाही.

कॅमेरा बसल्यापासून पाच महिने तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. डिझेल वाचलं, डार्सीची पाठ वाचली. मर्लचीही तक्रार नव्हती.

मंगळवारी एक वाजताचा फोटो तिने बराच वेळ धरून ठेवला.

"डार्सी, ही गाय बघ. हिला मी बाटलीने वाढवलंय."

"आई, लाल गाई सगळ्या सारख्याच दिसतात."

"तुला दिसतात. कान बघ."

त्याने फोटो मोठा केला. त्यांच्या प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असे. हिच्या नव्हता. शेजारच्या गाईच्याही नव्हता. अकरा गुरं होती, एकाच्याही कानात काही नव्हतं.

"भटकी असतील. फुकटात अकरा गुरं आली आणि तू तोंड पाडून बसलीस."

"ती ब्याऐंशीला मेली, डार्सी."

"चष्मा बदल तुझा."

"जाऊन ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. कुणी जातच नाही आता तिकडे."

"बरं बाई, जातो. नाहीतर रात्रभर जपमाळ ओढशील याचीच."

एक वाजून दहा मिनिटांनी त्याची गाडी निघाली.

दोनच्या फोटोत डोणीशी माणूस उभा होता. पाठमोरा. शर्टाच्या खांद्याला निळं ठिगळ. ते डार्सीच्या शर्टाला तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं, गेल्याच आठवड्यात.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजल्याशिवाय तो तिथे पोचणं शक्य नव्हतं.

तिने घरातल्या वायरलेसवरून त्याच्या गाडीतल्या रेडिओला हाक दिली. "कुठे आहेस?"

"अठरा मैलांच्या फाटकाशी. का गं?"

"परत फीर."

"तूच धाडलंस ना? आता निम्मी वाट आलोय, जाऊनच येतो."

काय सांगणार होती ती त्याला?

"छातीत दुखतंय," ती म्हणाली. आयुष्यात ती त्याच्याशी इतकं धडधडीत खोटं कधी बोलली नव्हती.



"बसून राहा. हलू नकोस. निघालोच."

तीनला पाच कमी असताना तो दारात होता. धुळीने माखलेला, घामाने निथळणारा. मर्लने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गरम होता.

"अजून दुखतंय?"

"थांबलं."

"शहरातून डॉक्टरांचं विमान बोलावतो."

"काही नको. चहा टाक तेवढा."

तो कुरकुरत किटलीकडे वळला. पाण्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा.

फोन वाजला. तीनचा फोटो.

टाकी भरलेली होती. डोण काठोकाठ.

डार्सी तिथे नव्हता.

त्याच्या जागी एक म्हातारी उभी होती, एक हात छातीवर ठेवून.

गुरं थोडी बाजूला सरली होती, तिला जागा व्हावी म्हणून.